शॉकअपचं कॉम्प्रेशन कसं सेट करायचं: रोजचा रस्ता आणि ऑफरोड, दोन्हीसाठी

ॲडजस्टेबल शॉकअप बसवून घेणारे बरेच जण नॉब आयुष्यात एकदाच फिरवतात, तोही फिटिंगच्या दिवशी. मिस्त्री विचारतो, "साहेब, हार्ड ठेवू ना?" आणि आपण म्हणतो ठेव, कारण हार्ड म्हणजे मजबूत असं डोक्यात बसलेलं असतं. मग सहा महिने घरचे लोक मागच्या सीटवर आपटत राहतात आणि आपण म्हणत राहतो की ऑफरोडची गाडी आहे, अशीच असते. अशी नसते. एवढे पैसे घातलेत तर तो नॉब नेमकं काय करतो ते समजून घ्या, एक रविवार सकाळ त्याच्यावर घालवा, गाडी वेगळी वाटेल.

हे सगळं मी थार, गुरखा, जिम्नी, जुनी स्कॉर्पिओ अशा गाड्या डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, ज्या सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जातात आणि शनिवारी ताम्हिणीच्या पलीकडे कुठेतरी चिखलात असतात. कंपनीतून येणारे शॉकअप बहुतेक फिक्सच असतात, त्यांना फिरवायला काही नसतं. स्कॉर्पिओ-एनमध्ये हादऱ्यांच्या फ्रीक्वेन्सीप्रमाणे डॅम्पिंग (म्हणजे हालचाल रोखायचा जोर) बदलणारा व्हॉल्व्ह कंपनीनेच दिलाय, पण तो आपलं आपण ठरवतो, तुम्हाला विचारत नाही. म्हणजे हा लेख बाहेरून ॲडजस्टेबल सेट बसवलेल्यांसाठी, किंवा बसवायच्या विचारात असलेल्यांसाठी.

आधी हे डोक्यात पक्कं करा

गाडीचं वजन स्प्रिंग उचलते. शॉकअप वजन उचलत नाही, तो फक्त हालचालीचा वेग रोखतो. आतल्या पिस्टनला बारीक भोकं असतात आणि त्यावर पातळ स्टीलच्या चकत्यांची चळत असते, तेल त्यातून ढकललं जातं, तेल गरम होतं, आणि खड्ड्याची ताकद अशी उष्णता होऊन निघून जाते. चाक वर येतं, शॉकअप दबतो, ते कॉम्प्रेशन. स्प्रिंग परत लांब होते, शॉकअप उघडतो, ते रिबाउंड. दोन्हीचे मार्ग आणि चकत्या वेगळ्या.

यातून एक गोष्ट सरळ निघते. डिकीत सामान, वर कॅरिअर, त्याच्यावर टेंट, मागे तीन माणसं, आणि गाडी मागून बसली, तर ती कॉम्प्रेशन वाढवून उठणार नाही. उभी गाडी म्हणजे वेग शून्य, आणि वेग शून्य असला की शॉकअपचा जोरही जवळपास शून्य (आतल्या गॅसचा थोडाफार धक्का सोडला तर). गाडी बसत असेल तर स्प्रिंग बदला किंवा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून बसवलीय ते) बघा. हे न करता नॉब आवळत बसलात तर गाडी बसलेलीच राहील, वर कडकही होईल.

लो स्पीड, हाय स्पीड: गाडीचा नाही, शाफ्टचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. नॉबवर लो स्पीड आणि हाय स्पीड लिहिलेलं बघून लोकांना वाटतं की शहरात लो स्पीडवाला आणि एक्सप्रेसवेवर हाय स्पीडवाला. तसं अजिबात नाहीये. हा वेग शॉकअपच्या दांड्याचा आहे, दांडा नळकांड्यात किती जोरात घुसतोय त्याचा. बादलीतल्या पाण्यात हात सावकाश बुडवला तर पाणी वाट देतं, थाप मारली तर चटका बसतो. तेलाचंही तेच.

साधा हिशोब करून बघा. ब्रेक दाबला, नाक अर्ध्या सेकंदात ४ सेंटीमीटर खाली गेलं, म्हणजे सेकंदाला ८ सेंटीमीटर. हा लो स्पीड, मग गाडी १०० ने जात असली तरी. आता गल्लीत ३० च्या स्पीडने चाललाय, म्हणजे सेकंदाला साधारण ८.३ मीटर, आणि चाक खड्ड्याच्या पलीकडच्या ५ सेंटीमीटर उंच काठावर आदळलं. आपल्या साइजचं टायर तो काठ जेमतेम १९-२० सेंटीमीटर अंतरात चढतं, म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाच्याही आत. चाकाचा उभा वेग येतो सेकंदाला २ मीटरच्या आसपास. यातलं काही टायर पोटात घेतं, काही चाक धरणाऱ्या आर्मच्या रचनेत कमी होतं, तरी दांड्यापर्यंत सेकंदाला मीटरभर पोचतोच असं धरा. ब्रेकच्या वेळेपेक्षा १२ पट. आणि गाडी चालली होती ३० ने.

तर लो स्पीड कॉम्प्रेशनच्या ताब्यात काय येतं? ब्रेकला नाक खाली जाणं, पिकअपला मागचं बसणं, वळणात कलणं, लेन बदलताना डुलणं, रस्त्याच्या लांब लाटा. थोडक्यात ड्रायव्हर जे करतो ते. हाय स्पीडच्या ताब्यात खड्डा, दगड, तुटलेल्या डांबराचा काठ, पुलावरचा जॉइंट, उडून खाली आपटणं. रस्ता जे करतो ते. अगदी काटेकोर नाही ही विभागणी, बऱ्याच शॉकअपमध्ये एक नॉब फिरवला की दुसऱ्याच्या हद्दीतही थोडा फरक पडतो, पण विचार करायला एवढी पुरते.

आणि आपल्या रस्त्यांचं गणित यातच आहे. आपल्याला लो स्पीड थोडं घट्ट आणि हाय स्पीड बऱ्यापैकी मोकळं हवं असतं. सगळंच हार्ड केलं की घाटात मस्त वाटतं पण खड्ड्यात कंबर जाते, सगळंच सॉफ्ट केलं की खड्डे मस्त पण घाटात मागचे उलट्या करतात.

तुमच्या शॉकअपला नेमकं काय फिरतं

हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाजूला बाटलीसारखा रिझर्व्हायर असेल आणि नॉब त्याच्यावर असेल तर तो बहुतेक कॉम्प्रेशनचाच. कारण दांडा आत घुसतो तेव्हा त्याच्या जाडीएवढं तेल रिझर्व्हायरकडे जातं, त्या वाटेवर तोटी बसवली की दबताना अडवता येतं. रिबाउंडचा स्क्रू असलाच तर दांड्याच्या टोकाला, माउंटिंगच्या डोळ्याजवळ सापडतो. फॉक्सच्या डीएससीवाल्या रिझर्व्हायरवर लो आणि हाय कॉम्प्रेशनचे दोन वेगळे ॲडजस्टर असतात, ओल्ड मॅन एमूच्या बीपी-५१ ला कॉम्प्रेशन वेगळं आणि रिबाउंड वेगळं फिरवता येतं, रँचो आरएस ९००० एक्सएलला एकच नॉब, ९ पोझिशन, आणि टफ डॉगचाही ९ स्टेजवाला येतो.

एकच नॉब असेल तर पुस्तिका उघडून बघा की तो फक्त कॉम्प्रेशन बदलतो, फक्त रिबाउंड, की दोन्ही एकदम. दोन्ही एकदम असेल तर तडजोड करावी लागणार, कॉम्प्रेशनसाठी घट्ट केलं की परत यायलाही वेळ लागणार. आणि शहरातल्या सेडान-हॅचबॅकला लावतात ते ३२ क्लिकवाले स्वस्त कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला सेट), ज्यांचा नॉब बॉनेटखाली दांड्याच्या डोक्यावर असतो, त्यात बहुतेकदा रिबाउंडच जास्त बदलतं, कॉम्प्रेशन नावापुरतं. त्यांच्या मालकांनी या लेखातले आकडे आंधळेपणाने वापरू नयेत.

नायट्रोजनच्या व्हॉल्व्हचं टोपण दिसलं तर त्याला हात लावायचा नाही. आत साधारण २०० पीएसआयच्या आसपास गॅस असतो, तो तेलात फेस होऊ देत नाही. सायकलच्या व्हॉल्व्हसारखा दिसतो म्हणून "हवा चेक करू" म्हणत कोणी दाबला की गॅस गेला, आणि तो पंक्चरवाल्याकडे भरून मिळत नाही.

नॉब फिरवण्याआधी गाडी सरळ करा

कंटाळवाणा भाग आहे पण इथेच निम्मं काम होतं. टायरची हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरवर. टायर ही पहिली स्प्रिंग आहे, ४ पीएसआय इकडेतिकडे झाली की कॉम्प्रेशनचे दोन क्लिक खाऊन टाकते आणि तुम्हाला कळतही नाही काय बदललं. मग गाडीखाली वाकून बघा: शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का (धूळ चिकटून काळा पट्टा दिसतो), बुश फाटलेत का, लिंक रॉड सैल आहे का, बंप स्टॉपचे रबर (शॉकअप पूर्ण दबला की ज्यावर आपटतं ते) जागेवर आहेत का. खड्ड्यात खडखड येते ती बहुतेक बुशची किंवा लिंकची असते, त्याला नॉबवर औषध नाही.

नेहमी जेवढं वजन असतं तेवढं गाडीत ठेवा. विंच आणि लोखंडी बंपर असेल तर ते कायमचंच, पण एकट्याने सेट करून मग पाच जणांना घेऊन जाणार असाल तर त्या सेटिंगला अर्थ नाही. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत चारही बाजूंनी टेपने मोजा आणि लिहा. डावी-उजवी १ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी तो शोधा.

बेसलाइन

आता नॉब. आधी पाणी मारून ब्रशने माती काढा, कोरड्या मातीसकट फिरवलात तर रेती आत जाते आणि क्लिक जाणवेनासे होतात.

घड्याळाच्या दिशेने म्हणजे घट्ट, बहुतेक सगळीकडे. हलक्या हाताने, बोटांनी, घट्ट होईपर्यंत फिरवा आणि क्लिक मोजा. किती क्लिकवर थांबला ते लिहा, ही तुमची आत्ताची सेटिंग. टोकाला आल्यावर पाना लावून अजून अर्धा फिरवायचा मोह आवरा, आत बारीक सुई असते, तिची बैठक दबली की पुढचे सगळे आकडे खोटे. मग पूर्ण बंदपासून उलट मोजत मागे या. "बंदपासून ८ मागे" असं लिहायची सवय लावा, कारण बंद ही पक्की जागा असते, मोकळ्या टोकाला कधीकधी शेवटचा क्लिक लागलाय की नाही तेच समजत नाही. काही कंपन्या मोकळ्या टोकापासून मोजतात, त्यांची पुस्तिका तसं म्हणत असेल तर तसं करा, फक्त मिसळू नका.

डावा-उजवा नेहमी सारखा. पुढचा-मागचा सारखा असायची गरज नाही, उलट सारखा असेल तर मला शंका येते. कारण साध्या यांत्रिकीचं आहे. २०२० नंतरच्या थारला पुढे डबल विशबोन आहे (प्रत्येक चाक दोन आर्मवर वेगळं टांगलेलं), शॉकअप आर्मवर आतल्या बाजूला बसतो, चाक १० सेंटीमीटर वर आलं तर शॉकअप त्यापेक्षा बराच कमी दबतो. मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर), तिथे शॉकअप जवळपास चाकाबरोबरच चालतो. म्हणजे पुढचे ६ क्लिक आणि मागचे ६ क्लिक हे एकच नाहीत. जिम्नीला दोन्हीकडे सलग ॲक्सल, तिथे हा फरक कमी. जुन्या थारला आणि त्याआधीच्या जीपांना मागे पाटे (लीफ स्प्रिंग), आणि पाट्यांचं एकमेकांवर घासणं हेच एक डॅम्पिंग असतं, त्यामुळे पाट्याच्या बाजूला कॉम्प्रेशन तुम्हाला वाटतं त्यापेक्षा मोकळं ठेवायचं. पाटे गंजून जाम झालेत आणि वर शॉकअप घट्ट, मग गाडी स्प्रिंग असल्यासारखी वागतच नाही.

सुरुवात कुठून? कंपनीने सांगितलेली बेसलाइन असेल तर तीच. नसेल तर बरोबर मधून, रेंज २० क्लिकची असेल तर बंदपासून १० मागे. ९ पोझिशनवाल्या एकेरी नॉबला, १ म्हणजे सॉफ्ट असं धरून, मी रोजच्या वापराला ३ किंवा ४ वर सुरू करायला सांगेन.

रिबाउंड वेगळं असेल तर ते आधी जागेवर आणा. स्पीडब्रेकरवरून २० ने जा, गाडी एकदा वर येऊन शांत झाली पाहिजे. वर येऊन परत खाली-वर करत राहिली तर रिबाउंड मोकळं आहे. हे जागेवर आल्याशिवाय कॉम्प्रेशनला हात लावलात तर एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी जातो.

एक रस्ता ठरवा

घराजवळचा ४-५ किलोमीटरचा फेरा शोधा, ज्यात दोन स्पीडब्रेकर, एक खराब पट्टा, एक लांब वळण आणि जोरात ब्रेक मारता येईल अशी मोकळी जागा असेल. पुण्याच्या आसपास असा रस्ता शोधायला कष्ट पडत नाहीत. सकाळी लवकर जा, रिकाम्या रस्त्यावर. दरवेळी तोच रस्ता, तोच स्पीड, तेवढंच वजन.

पहिली १०-१५ मिनिटं नुसती चालवा, तेल कोमट होऊ द्या. थंड तेल जाड असतं, त्यावर केलेली सेटिंग अर्ध्या तासाने सॉफ्ट वाटणार.

एका वेळी एकच गोष्ट बदला. पुढचं लो स्पीड, २ क्लिक, फेरी, दोन शब्द लिहा. मग पुन्हा. बदल जाणवत नसेल तर ४ क्लिक एकदम फिरवून बघा, मुद्दाम बिघडवून बघितलं की कुठल्या बाजूला जायचं ते पटकन कळतं. आणि शक्य असेल तर मागच्या सीटवर कोणाला तरी बसवा, मागच्या शॉकअपबद्दल ड्रायव्हरपेक्षा त्याचं मत जास्त खरं असतं. आमच्याकडे हे काम आई करते, "आता बरंय" आणि "हे काय केलंस" एवढीच तिची मापं, पण आकड्यांपेक्षा उपयोगी.

रोजच्या रस्त्यासाठी

लो स्पीडपासून सुरू करा. ब्रेक मारल्यावर नाक एकदम पडत असेल तर पुढचं लो स्पीड २ क्लिक घट्ट. पिकअपला मागचं बसत असेल तर मागचं. घाटात एका वळणातून दुसऱ्यात जाताना गाडी आधी डुलते आणि मग ऐकते, असं होत असेल तर पुढचं-मागचं दोन्ही थोडं थोडं. पण एक लक्षात ठेवा, लांब वळणात गाडी शेवटी किती कलणार ते स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डावी-उजवी चाकं जोडून कलणं रोखणारा दांडा) ठरवतात. शॉकअप फक्त किती पटकन कलणार ते ठरवतो. उंच गाडी आहे, कलणारच, ते पूर्ण घालवायच्या नादात लो स्पीड बंद करून टाकलंत तर छोट्या उंचवट्यावर डोकं डावी-उजवीकडे हलत राहील आणि ओल्या रस्त्यावर टायरची पकड जाईल.

कुठे थांबायचं? घट्ट करत करत जा, एका क्षणी सपाट दिसणाऱ्या रस्त्यावरचे बारीक उंचसखल भाग सीटमध्ये जाणवायला लागतात. तिथून २ क्लिक मागे.

मग हाय स्पीड. इथे उलट दिशेने यायचं, मोकळं करत. खराब पट्ट्यावरून ३०-४० ने जा. स्टिअरिंगला टोकदार धक्का येतो, डॅशबोर्ड वाजतो, तर हाय स्पीड मोकळं करा. दणका गोल होईपर्यंत करत जा. खालून रबर लागल्याचा "धप्प" असा आवाज आला की जास्त झालं, १-२ क्लिक परत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर जॉइंटची टक-टक येते ना, ती हाय स्पीडची चांगली परीक्षा आहे: टक-टक ऐकू आली पाहिजे, पाठीत जाणवायला नको.

वीकेंडला माणसं आणि सामान भरून लांब जाणार असाल तर मागचं लो स्पीड २-३ क्लिक वाढवा (आणि हवा पण), आल्यावर परत खाली. एकेरी नॉबवाल्यांनी मागे ५ किंवा ६.

ऑफरोड म्हणजे एक गोष्ट नाही

"ऑफरोडला सॉफ्ट" हे अर्धसत्य आहे. दगडातून चालत्या माणसाच्या वेगाने जाणं आणि माळरानावर ६० ने धूळ उडवत जाणं, यांच्या सेटिंग एकमेकांच्या उलट आहेत.

दगड, ओढ्याचं पात्र, खोल चाकोऱ्या, म्हणजे लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या हळू, ताकदीच्या गिअरमध्ये) रांगणं. इथे चाक सावकाश चढतं, त्यामुळे काम लो स्पीडचं. ते बरंच मोकळं करा, जवळजवळ शेवटपर्यंत. एक चाक दगडावर चढताना त्याला सहज वर जाऊ दिलं तर बाकीची तीन जमिनीवर वजन घेऊन राहतात, आणि पकड तिथूनच मिळते. घट्ट ठेवलं तर ते चाक अख्ख्या गाडीला तिरकं करतं, पलीकडचं चाक हवेत, डिफरेन्शिअल उघडं (लॉक नसलेलं) असेल तर तेच फिरत बसतं आणि तुम्ही खाली उतरून दोरी शोधताय. हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली की अर्धं काम टायरच करतं. फक्त बाजूच्या उतारावरून जायचं असेल, एक बाजू डोंगर आणि एक बाजू दरी, तर लो स्पीड २-३ क्लिक परत घट्ट करा. मोकळ्या लो स्पीडवर चाक अचानक खाली गेलं की गाडी झपकन कलते, आणि डोक्यावर टेंट असेल तर तो झोका नको वाटतो.

कोकणातला पावसाळी लाल चिखलही याच जातीचा. लो स्पीड मोकळं, रिबाउंड असेल तर तेही थोडं मोकळं, म्हणजे चाक खड्ड्यात पटकन उतरून जमीन पकडतं.

आता कच्च्या रस्त्यावरून वेगात. सोलापूर-नगरकडच्या माळावर असे लांबच लांब रस्ते मिळतात, राजस्थानात तर विचारूच नका. इथे मधेच एक नाल्याचा खोलगट भाग येतो, गाडी उडते आणि खाली येऊन आपटते. लो स्पीड रस्त्याच्याच सेटिंगच्या आसपास ठेवा, नाहीतर गाडी बोटीसारखी हलेल. हाय स्पीड मात्र घट्ट करत जायचं, पुढे आणि मागे २-२ क्लिकने, सगळ्यात वाईट दणक्याला बंप स्टॉप हलका लागेल इतपत.

पण कच्च्या रस्त्यावर पत्र्यासारख्या बारीक आडव्या लाटा पडलेल्या असतात, तिथे हाच नॉब उलटा फिरवायचा, हाय स्पीड मोकळं. घट्ट असेल तर चाकं लाटांच्या माथ्यावरून नुसती नाचतात, स्टिअरिंग हलकं पडतं आणि ब्रेक लागत नाही. दोन्ही प्रकार एकाच रस्त्यावर आले तर? नॉबला सोडा, स्पीड कमी करा. अशा लाटांवर अर्धा-पाऊण तास सलग चालवलं की तेल तापून पातळ होतं आणि गाडी आपोआप सॉफ्ट वाटायला लागते. तेव्हा क्लिक वाढवायचे नाहीत, थांबून चहा प्यायचा. शॉकअपला हात लावून बघू नका, चटका बसेल इतका गरम असतो.

वाळूत मी फार फिरवाफिरवी करत नाही. हवा १५-१८ पीएसआय, पुढचं लो स्पीड रस्त्याचंच, कारण टेकाडाच्या पायथ्याशी नाक खुपसायला नको. बाकी काम वेग आणि टायर करतात.

केबल टायची युक्ती

दांडा उघडा दिसत असेल, वर रबरी बूट नसेल, तर दांड्याभोवती प्लॅस्टिकचा केबल टाय बांधा, घसरेल पण आपोआप पडणार नाही इतपत. सपाट जागेवर तो शॉकअपच्या सीलला टेकवा आणि चालवून या. कितीही दबला तरी टाय तिथे सरकून राहतो, म्हणजे जास्तीत जास्त किती ट्रॅव्हल (शॉकअपची दबायची लांबी) वापरला गेला ते दिसतं. ऑफरोडच्या दिवसभरात एखाद-दोनदा शेवटपर्यंत गेलेलं चालतं, उलट ते हवंच, नाहीतर एवढा ट्रॅव्हल विकत कशाला घेतला. दर दणक्याला शेवटपर्यंत जात असेल तर हाय स्पीड घट्ट करा, आणि ४-५ क्लिक करूनही तेच असेल तर स्प्रिंग नरम आहे. टाय अर्ध्यापर्यंतच जात असेल तर तुम्ही विनाकारण हार्ड गाडी चालवताय.

बूट असेल तर बंप स्टॉपच्या रबरावर ग्रीसचं बोट लावा, समोरच्या पत्र्यावर डाग उठला की लागला.

हार्ड वाटतंय, पण कॉम्प्रेशन नाहीये

हे वेगळं लिहितोय कारण भलेभले इथे फसतात. एकामागे एक पाच-सहा खड्डे किंवा रंबलर आहेत. पहिला मऊ गेला, दुसरा ठीक, चौथ्या-पाचव्याला गाडी दगडासारखी. कॉम्प्रेशन जास्त असतं तर पहिलाच लागला असता. इथे रिबाउंड इतकं घट्ट आहे की शॉकअपला दोन खड्ड्यांच्या मध्ये परत उघडायला वेळच मिळत नाही, तो दर खड्ड्याला थोडा थोडा दबलेलाच राहतो आणि शेवटी ट्रॅव्हल संपतो. रिबाउंड २ क्लिक मोकळं करा. एकच नॉब दोन्ही बदलत असेल तर तोच एक-दोन पोझिशन खाली आणा.

दुसरा चकवा म्हणजे सॉफ्ट करूनही दणका बसणं, कधीकधी आधीपेक्षा जास्त. तो दणका शॉकअपचा नसतो, ट्रॅव्हल संपून रबरावर आपटल्याचा असतो. अशा वेळी लोक अजून सॉफ्ट करत जातात आणि अजून आपटत जातात. केबल टाय बघा, लगेच उलगडा होतो.

परत डांबरावर येताना

जिथे टायरमध्ये हवा भरायला कंप्रेसर काढता तिथेच नॉब पण परत फिरवा. हे एकाच थांब्याला बांधून घ्या. दगडाच्या सेटिंगवर, म्हणजे लो स्पीड पूर्ण मोकळं ठेवून, एक्सप्रेसवेवर ९० ने जाताना समोर अचानक कंटेनर लेनमध्ये आला आणि तुम्ही स्टिअरिंग झटकन फिरवलं, तर उंच गाडी आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला झोका घेते. तो दुसरा झोका धोक्याचा. चारही नॉब मोजून परत आणा, एखादा डावा राहून गेला तर ब्रेकला गाडी खेचते आणि मग लोक अलाइनमेंट करत बसतात.

मोबाईलमध्ये तीन ओळींची नोट पुरते. माझी अशी दिसते: रस्ता: पुढे लो ८ हाय १४, मागे लो १० हाय १४; दगड: पुढे लो १८, मागे लो १८, हाय तसेच; माळ: लो रस्त्याचेच, हाय ८. सगळे बंदपासून मागे. हे आकडे तुमच्या गाडीवर चालणार नाहीत, शॉकअपची आतली चळत वेगळी, स्प्रिंग वेगळी, वजन वेगळं, फक्त लिहायची पद्धत उचला.

नॉब महिन्यातून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून परत जागेवर आणत जा, सेटिंग बदलायची नसली तरी. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी तर नक्कीच, खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचा नॉब जाम झाला की पान्याने फिरवताना त्याचं डोकंच निसटतं. प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर आणि नॉबवर जवळून मारू देऊ नका, वॉशिंग सेंटरवाल्याला आधीच सांगा. आणि पूर्वी बंदपासून ८ वर जशी गाडी वागायची तशी वागायला आता ५ लागतोय, पुढच्या महिन्यात ३ लागतोय, असं व्हायला लागलं की सेटिंगचा प्रश्न संपला. तेल जुनं झालंय किंवा गॅस गेलाय, शॉकअप उतरवून रिबिल्डला पाठवा.